विजयदुर्ग, १२ फेब्रुवारी १७५६: आंग्र्यांची जहाजं बंदरात काय करत होती?

गिर्येकर

परवा मुंबईहून भाचा आला होता, त्याला विजयदुर्गावर घेऊन गेलो. दुपारी तीनचा सुमार. उत्तरेच्या तटावर, खाडीचं तोंड दिसतं तिथे वडे खात बसलो. वारा नेहमीसारखा समुद्रावरून आत घुसत होता. वड्याचा कागद भाच्याच्या हातून सुटला आणि तटावरून जो उडाला तो सरळ खाडीत, वाघोटणच्या दिशेने. हा कागद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी त्याला १७५६ ची लढाई सांगत होतो. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "मामा, पण एवढी जहाजं होती तर ती बंदरात काय करत होती?" माझं तोंड बंद. म्हणून हा धागा.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (माझं थोडक्यात, घरचे हसतात त्याला.)

मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे १७२९ त गेले. थोरला मुलगा सेखोजी १७३३ त गेला आणि भावाभावांत जुंपली. संभाजी आणि मानाजी दोघांनाही अलिबागचा कुलाबा किल्ला हवा. १७३५ त बाजीरावांनी मध्ये पडून वाटणी करून दिली: कुलाबा मानाजीला, 'वजारतमाब' हा किताब देऊन, सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाची बाजू संभाजीला, 'सरखेल' म्हणून. एका आरमाराची दोन आरमारं झाली. संभाजीमागून भाऊ तुळाजी आला. आला तो खमक्या. इंग्रज, डच, कोणाचीच भीड नाही. आणि पेशव्यांचीही नाही. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले, ताराबाई आणि नानासाहेब यांचं उघड वैर सुरू झालं, त्यात तुळाजी नानासाहेबांना जुमानेना. त्याच्या बाजूने पाहिलं तर सरखेलाचा धनी छत्रपती, पेशवा हा बरोबरीचा चाकर.

१९ मार्च १७५५ ला पेशव्यांचे कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला. एप्रिलच्या सुरुवातीला सुवर्णदुर्ग पडला, पाठोपाठ बाणकोट. मग पावसाळा. पुढच्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन मोठी लढाऊ जहाजं घेऊन विजयदुर्गासमोर आला: केंट ७० तोफांचं, कंबरलँड ६६, टायगर ६०, सॅलिसबरी ५०. शिवाय कंपनीची जहाजं आणि उखळी तोफांची गलबतं. जमिनीवरच्या फौजेचा म्होरक्या कोण? रॉबर्ट क्लाइव्ह. होय, तोच. पलाशी अजून दीड वर्ष लांब होती.

१२ तारखेला दुपारी समुद्राचा वारा सुटल्यावर जहाजं ओळीने खाडीत शिरली आणि किल्ल्याच्या उत्तर अंगाला नांगर टाकून तोफा डागू लागली. आंग्र्यांच्या गुराबा (लढाऊ जहाजं) किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकींना बांधून उभ्या. त्यांत 'रिस्टोरेशन' नावाचं एक जहाज होतं. ते मुळात इंग्रजांचंच, तुळाजीने काही वर्षांपूर्वी धरून आणलेलं. चारच्या सुमाराला एक कुलपी (आत दारू भरलेला) गोळा नेमका त्याच्यात पडला. ते पेटलं, त्याच्या शेजारचं पेटलं आणि दिवस मावळेपर्यंत पश्चिम किनाऱ्याला साठ वर्षं दरारा असलेलं आरमार पाण्यावर जळून गेलं. बांधणीला काढलेली जहाजंसुद्धा सुटली नाहीत. किल्ला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडला.

कागद कुठल्या दिशेने उडाला ते आठवा आता. तीच वेळ, तोच महिना. वारा इतका उघडपणे आग आत ढकलणारा असताना जहाजं अशी एकत्र बांधून का ठेवली? बाहेर का काढली नाहीत? जाणकारांनी सांगावं.

मिरची_कोकम

पहिली मी! लेख नंतर वाचते. कागद उचललात का?

गिर्येकर

खाडीत गेलेला कागद कसा उचलू, ताई? भाच्याला तटावरून खाली येईपर्यंत ऐकवलं.

देवगडचो_झिल

काका, एक ऱ्हवला. किल्ल्याच्या पश्चिमेक पाण्याखाली भिंत आसा. माझो आजो सांगायचो, इंग्रजांची जहाजां तिच्यावर आपटान फुटली. मगे ही जहाजां आत इली कशी?

गिर्येकर

झिला, भिंत आहे ती दर्याच्या अंगाला. पाण्याखालचं दगडी बांधकाम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी उतरून पाहिलंय. पण ही जहाजं त्या बाजूला गेलीच नाहीत. किल्ला तीन बाजूंनी पाण्यात, खाडीचं तोंड उत्तरेला. ते तोंडातून आत आले आणि मागून मारलं. आज्याची गोष्ट खोटी नसेल, पण या लढाईची नव्हे.

अलिबागकरीण

धागा आवडला. पण गिर्येकरकाका, तुम्ही दक्षिणेकडचे म्हणून १७५५ पासून सुरुवात केलीत. आमच्या कुलाब्याची १७४० ची गोष्ट त्याशिवाय अर्धी राहते.

त्या वर्षी संभाजीने चौल, अलिबाग, थळ, सागरगड घेतले आणि कुलाब्याला वेढा घातला. कुलाबा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, ओहोटीला आपण चालत जातो आणि भरतीला तो बेट होतो. संभाजीने किनाऱ्यावरून किल्ल्यात जाणारं गोडं पाणी तोडलं. सख्ख्या भावाचं, सावत्र म्हणा हवं तर, पाणी तोडलं! मानाजीने काय केलं? पेशव्यांकडे माणूस धाडला आणि इंग्रजांकडेही मदत मागितली. इंग्रजांची जहाजं आली, किल्ल्यात पाणी पोचलं, संभाजीचं आरमार सुवर्णदुर्गाकडे माघारी गेलं. नानासाहेब आणि चिमाजीअप्पा जमिनीवरून आले. या धुमश्चक्रीत पेशव्यांच्या हाती लागलेल्यांत एक होता तुळाजी. तोच तुमचा तुळाजी. आणि बाजीराव रावेरखेडीला वारल्याची बातमी नानासाहेबांना या कुलाब्याच्या मोहिमेतच कळली.

सांगायचा मुद्दा, परक्याला घरात घेणारे नानासाहेब पहिले नव्हेत. त्याआधी मानाजीने पोर्तुगीजांचा हात धरून कुलाबा घेतला होता. आंग्र्यांच्या घरात ही रीतच पडली होती.

दख्खनचा_पठ्ठा

रीत वगैरे ठीक आहे, पण मानाजी हा एक सरदार. पेशवा हा राज्याचा प्रधान. प्रधानाने आपल्याच आरमाराला आग लावायला परकं आरमार बोलवावं? स्पष्ट लिहितो, पेशव्यांनी मराठी आरमार बुडवलं. झोंबलं तर झोंबू दे.

शनिवारातला_मी

आली काडी. :)

पठ्ठे, एक सांगा. तुळाजीने धरलेली जहाजं फक्त टोपीकरांची होती का? कोकणातल्या आपल्याच व्यापाऱ्यांनी त्याचं दस्तक (परवाना) घेतलं नाही की त्यांचीही धरायचा. छत्रपतींच्या प्रतिनिधींच्या मुलखात घुसला. राज्याच्या प्रधानाने हे बघत बसायचं? आणि 'मराठी आरमार बुडवलं' म्हणजे काय? १७५६ नंतर विजयदुर्ग हेच पेशव्यांच्या आरमाराचं ठाणं झालं. पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळपांनी ८ एप्रिल १७८३ ला याच किनाऱ्यावर इंग्रजांचं 'रेंजर' जहाज लढून धरलं. बुडालेलं आरमार जहाजं धरतं का? कुलाबकर आंग्र्यांचं आरमारही होतंच.

दख्खनचा_पठ्ठा

धुळपांनी धरलं ते शौर्यच. पण कान्होजींच्या वेळी इंग्रज स्वतःच्या मुंबई बंदरातून निघताना दोनदा विचार करत. १७८३ त करत होते का?

शनिवारातला_मी

मग आणखी मागे जाऊ. १७१३ त कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होते आणि शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनीच कैद केलं होतं. बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले, समेट झाला, सरखेली आणि किल्ले कान्होजींना मिळाले. म्हणजे आंग्रे आणि पेशवे यांचं नातं जन्मापासून असंच. आज युद्ध, उद्या तह, परवा पंगत.

तांडेल_निवृत्त

दोघे जरा थांबा. गिर्येकरांचा प्रश्न जहाजांचा आहे आणि उत्तरं येताहेत पुण्या-साताऱ्याची.

मी बोटीवर होतो एकतीस वर्षं, वडील मचव्यावर. गुराब म्हणजे काय ते आधी बघा. दोन नाहीतर तीन डोलकाठ्या, नाळ (पुढचं टोक) लांब आणि टोकदार, तळ उथळ. मोठ्या तोफा नाळेवर, पुढे मारणाऱ्या. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. लढायची रीत अशी की वारा पडलेला असताना गलबतांनी गुराबा ओढत न्यायच्या, शत्रूच्या मागच्या अंगाला. मोठ्या जहाजाच्या तोफा असतात कुशीला, मागे एखाद-दुसरीच. मागून त्याची शिडं-दोरखंड तोडायचे, ते लंगडं झालं की गलबतांनी चहूकडून भिडायचं आणि तलवारी घेऊन वर चढायचं. एकट्या-दुकट्या व्यापारी जहाजाला हे मरण होतं.

पण कुशीला पंचवीस ते पस्तीस तोफा असलेली चार जहाजं ओळीत येतात तेव्हा मागचं अंग सापडतच नाही. त्यांच्याशी उघड्या दर्यात लढायचं म्हणजे नाळ पुढे करून त्यांच्या कुशीवर चालून जायचं. तेव्हा लढायला बाहेर काढली नाहीत, हे बरोबरच केलं.

पळायला का नाही काढली, हा खरा प्रश्न. त्याला वारा होता. फेब्रुवारीत रात्री मतलई सुटतो, जमिनीवरून दर्याकडे. पहाटेपर्यंत असतो. शीड उभारलं की खाडीतून आपोआप बाहेर. इंग्रज ११ ला समोर आले, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही रात्री निघता आलं असतं.

हर्णै_पाजपंढरी

आणि पळता येत होतं, हे आदल्याच वर्षी आमच्याकडे दिसलं होतं! मार्च १७५५ त कमोडोर जेम्स 'प्रोटेक्टर' घेऊन सुवर्णदुर्गावर आला, बरोबर पेशव्यांच्या गुराबा-गलबतं. तुळाजीची जहाजं बंदरातून निसटली. जेम्स मागे लागला. वारा मंद. तर इंग्रजांच्याच नोंदीत आहे की आंग्र्यांच्या खलाशांनी ओझं समुद्रात फेकून दिलं आणि असेल नसेल ते सगळं शीड म्हणून टांगलं, अंगावरचे कपडे, डोक्याची पागोटीसुद्धा. वाऱ्याची झुळूकही वाया जाऊ नये म्हणून. आणि निसटले! जेम्स हात चोळत परत आला.

मी लहानपणी आजोबांबरोबर होडीत असताना वारा पडला की ते खांद्यावरचं पटकूर वल्ह्याला बांधायचे. ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा तेच आठवलं. पागोटी सोडून डोलकाठीला बांधणारे ते लोक कोण असतील? गाबीत, भंडारी, कोळी, आमचेच कोणीतरी.

सुवर्णदुर्गाचं बाकीचंही सांगते. आधी जेम्सने दर्याच्या अंगाने मारा केला, काही उपयोग झाला नाही, तिथे तट म्हणजे कातळच. रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या एकाने सांगितलं की इकडून डोकं आपटू नका. मग तो बेट आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात शिरला. किल्ल्यातल्या शाकारलेल्या छपरांना आग लागली, दारूकोठार उडालं आणि खेळ आटोपला. हर्णैच्या धक्क्यावरून बघा, मधलं पाणी केवढंसं आहे ते. त्या काळी तिथे असलं जहाज घालायचं म्हणजे काळीजच हवं, शत्रूचं असलं तरी.

मिरची_कोकम

वाचला सगळा. पागोटीवर थांबले दोन मिनिटं.

पण मग प्रश्न अजून अवघड झाला ना? आदल्या वर्षी पागोटी टांगून पळणारे लोक पुढच्या वर्षी दोरखंडाने एकमेकांना बांधून उभे राहतात. मधल्या दहा महिन्यांत काय झालं?

अलिबागकरीण

मला वाटतं ते असं. विजयदुर्ग सोडून जायचं कुठे? सुवर्णदुर्ग गेला, बाणकोट गेला, रत्नागिरीकडची ठाणी पेशव्यांच्या हाती गेलेली. उत्तरेला कुलाब्यात मानाजी, तो तर वैरी. १७५५ त पळालेल्यांना विजयदुर्ग होता. १७५६ त विजयदुर्गाहून पळालेल्यांना काय होतं? आणि गोदी इथे, लाकूड इथे, माणसांची बायकापोरं इथे.

तांडेल_निवृत्त

हे पटलं. बंदर नसलेलं आरमार महिनाभर तरतं. गोडं पाणी संपलं की संपलं. तुमच्या कुलाब्याचंच उदाहरण.

गिर्येकर

वहिनी, तांडेलकाका, दोघांचं मिळून अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं मला काल रात्री झोप येईना तेव्हा सुचलं, चुकत असेन तर सांगा.

लढाईच्या दिवशी तुळाजी किल्ल्यात नव्हताच. तो पेशव्यांच्या छावणीत गेला होता, रामाजीपंतांशी बोलणी करायला. किल्ला मेहुण्याच्या भरवशावर. लोक याला भित्रेपणा म्हणतात, काही जण फसवणूक म्हणतात. मला यात निराळंच दिसतं. या माणसाने उभ्या आयुष्यात जी भांडणं पाहिली ती अशी: १७३५, वेढे, मग बाजीराव, मग वाटणी. १७४०, वेढा, स्वतः कैद, मग सुटका आणि पुढे सरखेली. शनिवारकर म्हणाले तसं, आज युद्ध, उद्या तह. भाऊबंदकीत बांध सरकतो, घर कोणी जाळत नाही. तर तुळाजीचा हिशेब हाच असणार की थोडा मुलूख सोडू, खंडणी कबूल करू, आरमार राहील. बोलणी चालू असताना कोणी आरमार रात्रीतून पळवत नाही. पळवलं तर बोलायला हातात काय राहतं? ती जहाजं किल्ल्याखाली उभी होती ती लढायला नव्हे, पळायलाही नव्हे. ती वाटाघाटीतला ऐवज होती. बंदोबस्ताने बांधून ठेवलेली.

आणि हुकूम देणारा धनी नाही. मेहुणा स्वतःच्या जबाबदारीवर दोर कापेल?

शनिवारातला_मी

सहमत. पहिल्यांदाच या धाग्यावर. :)

पेशव्यांचाही हिशेब तोच असणार. रामाजीपंतांना किल्ला बोलणी करून हवा होता, आरमारासकट. जळालेल्या आरमाराचा त्यांना काय उपयोग? म्हणून तर वॉटसनने घाई केली. तुळाजी मराठ्यांच्या हाती आहे, किल्लाही त्यांच्या हाती जाणार, हे दिसताच त्याने तोफा सुरू केल्या आणि रात्री क्लाइव्हला उतरवलं ते किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मधे. मित्रफौजेला आडवं!

दख्खनचा_पठ्ठा

म्हणजे माझंच म्हणणं की. घरच्या भांडणात ज्याला बोलावलं त्याला घरच्या भांडणाचे नियम माहीत नव्हते.

शनिवारातला_मी

असं मांडलंत तर मी भांडणार नाही.

हर्णै_पाजपंढरी

नियम माहीत नव्हते असं नाही हो, त्यांचे नियम निराळे होते. मुंबईहून निघायच्या आधीच त्यांनी बैठक घेऊन लुटीची वाटणी ठरवली. कोणत्या हुद्द्याला किती. मराठ्यांचा वाटा शून्य. आणि त्यातही रुसवेफुगवे! क्लाइव्हला हवा होता मोठा हिस्सा, आरमारी कप्तानांना तो आपल्या बरोबरीचा हवा. शेवटी वॉटसन म्हणाला, फरक मी माझ्या हिश्श्यातून देईन. लढाईनंतर त्याने खरंच पैसे पाठवले आणि क्लाइव्हने ते परत केले. लूट निघाली दहा लाख रुपयांच्या आसपास. ती सगळी आपसांत वाटून घेतली.

आणि किल्ला? तो पेशव्यांना द्यायचं ठरलेलं, तरी ऑक्टोबरपर्यंत सोडला नाही. १२ ऑक्टोबर १७५६ चा तह झाला तेव्हा विजयदुर्ग परत आणि बाणकोट कायमचा त्यांच्याकडे, दहा गावांसकट. बाणकोटला नावही दिलं, फोर्ट व्हिक्टोरिया.

मिरची_कोकम

तुळाजीचं पुढे काय झालं?

गिर्येकर

मरेपर्यंत कैद. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर, समुद्रापासून लांब. 

देवगडचो_झिल

काका, ह्या वाचून माका एक आठवला. आमच्या वाडयेत म्हातारी माणसा कोणी घरातला भांडाण बाहेरच्याकडे नेला की म्हणतत, "आपल्याच बंदराक वाट दाखवल्यान." ह्या तेच्यातसूनच इला की काय?

गिर्येकर

ते मला ठाऊक नाही रे झिला, पण आमच्या वाडीत मी हे कधी ऐकलं नाही. तुझ्या आजीला विचार आणि इथे लिही.

तांडेल_निवृत्त

मला एकदा गिर्येची गोदी बघायची आहे. किल्ला चार वेळा पाहिला, गोदी कधी नाही. कातळात खोदलेली म्हणतात. खरंच तेवढी मोठी आहे?

गिर्येकर

किल्ल्यापासून खाडीने आत साधारण दोन मैल. काही भाग बांधीव, बाकी सरळ खडकात कोरलेली. ३५५ फूट लांब, २२७ रुंद. लोक किल्ला बघून आइस्क्रीम खाऊन परत जातात, इकडे कोणी फिरकत नाही. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा आत दोन म्हशी बसल्या होत्या.

भाच्याला तिथेही नेलं परवा. त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजली. मधेच गाळात चप्पल रुतली, ती काढताना आकडा विसरला, परत पहिल्यापासून.

तांडेल_निवृत्त

मग पुढच्या महिन्यात येतो. पौर्णिमेच्या आसपास येऊ ना? अष्टमीला दुपारी ओहोटी असते खरी, पण भांगेची, पाणी फारसं हटत नाही. पौर्णिमेला पाच-सहाला चांगलं उघडं पडेल.

गिर्येकर

या. तळेऱ्याहून डावीकडे... नाही, तुम्ही रत्नागिरीकडून येणार, म्हणजे उजवीकडे वळा. पडेलला आलात की फोन करा, घर तिथून जवळ. म्हशींच्या मालकाला सांगून ठेवतो.

मिरची_कोकम

वड्यांचे कागद पिशवीत घालून परत आणा.